बेंगळुरूचं ऊन आणि ऋचाची डबी

बेंगळुरूला जाऊन आले असं सांगितलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. हवा कशी होती आणि ट्रॅफिक किती होतं? हवा छान होती. ट्रॅफिकबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण त्यात अडकल्यावर मी सरळ झोप काढत असे. तिथली बाग, तिथला राजवाडा, तिथली रेशमाची दुकानं यांतलं मी काहीही पाहिलं नाही. मी गेले होते माझ्या भाचीचा चेहरा बघायला.

मी जळगावची. सगळी नोकरी अन्न तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत गेली. हळदीत काय मिसळतात, तिखटात काय, तुपात काय, हे शोधण्यात उमेदीची वर्षं गेल्यामुळे माझा स्वभाव संशयी झाला, असं घरचे म्हणतात. ते चूक आहे. स्वभाव आधीपासूनच तसा होता, सरकारनं फक्त त्याचा पगार दिला.

तर पुण्याहून दादाचा फोन आला. त्याची मुलगी ऋचा बेंगळुरूला मारतहळ्ळी भागात राहते, मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. दादा म्हणाला, "तिनं राजीनामा दिलाय. स्वतःचं क्रीम काढतेय. वनस्पतींच्या अर्काचं. उन्हानं कातडी अकाली म्हातारी होते ना, ती होऊ नये म्हणून. येत्या रविवारी तिथल्या मराठी मंडळात बायकांचा कार्यक्रम आहे, तिथे सगळ्यांना पहिल्या डब्या वाटणार आहे." त्याच्या आवाजात अभिमान होता. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. गेले कित्येक आठवडे ऋचा व्हिडिओ कॉलवर एकाच बाजूनं दिसत होती. डावा गाल इकडे, उजवा भिंतीकडे. मी सरळ बस म्हटलं की तिचं नेटवर्क जायचं.

दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढलं.

मारतहळ्ळी

ऋचा स्टेशनवर घ्यायला आली ती तोंडाला ओढणी, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर टोपी अशा थाटात. आमच्याकडे मे महिन्यात मुली अशाच गुंडाळून स्कूटर चालवतात, त्यात नवल नाही. पण इथे गार वारा सुटला होता आणि मी स्वेटरची बटणं लावत होते.

"एवढं कशाला गुंडाळलंयस?"

"ऊन गं आत्या. इथलं ऊन फसवं असतं."

ते मात्र खरं निघालं. आमच्या जळगावचं ऊन दारातूनच ओरडून सांगतं की बाहेर पाऊल टाकू नकोस. बेंगळुरूचं ऊन गोड बोलून अंगणात बसवून घेतं. शहर उंचावर, वारा थंड, त्यामुळे भाजतंय हे कळतच नाही. तिथे पोचले त्याच दिवशी बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत बसले आणि संध्याकाळी आरशात बघते तर नाक लालभडक.

घरी जायच्या आधी तिनं मला नाश्त्याला नेलं. उभ्यानं खायचं हॉटेल, स्टीलची उंच टेबलं, आणि डोशावर लोण्याचा असा गोळा की आमच्याकडे तेवढ्यात चौघांचं भागेल. डोसा उत्तम होता. सांबार गोड होतं आणि गोड सांबार मला संशयास्पद वाटतं, कारण गूळ घालून माणूस काहीतरी झाकत असतो. वाढपी पोऱ्यानं वाटीत पळी ओतली आणि विचारलं, "साका?" मला ऐकू आलं, साखर? मी जोरात म्हटलं, "नको नको!" त्यानं आणखी एक पळी ओतली. "साका?" "अरे नको म्हणते ना!" तिसरी पळी. वाटी भरून सांबार ताटलीत आलं तेव्हा ऋचा हसून हसून टेबलाला धरून उभी होती. साका म्हणजे पुरे का. आणि मी बापडी मान हलवून नाही नाही म्हणत होते.

हसताना तिची ओढणी सरली. आत मेकअपचा जाड थर होता, आणि उजव्या गालावर तर पोतेरं फिरवल्यासारखा. नमुना हातात येईपर्यंत बोलायचं नसतं.

तिच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्यात बसायला जागा नव्हती, सगळीकडे रिकाम्या डब्यांचे पुठ्ठे. हिरवं झाकण, त्यावर पान. ती आंघोळीला गेली ती कडी लावून, आणि पुन्हा मेकअप करूनच बाहेर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दूधवाल्यानं बेल वाजवली, ती झोपेतून तशीच उठून दार उघडायला गेली आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून जबड्यापर्यंत तपकिरी डाग होते. कोरा चहा सांडून सुकावा तसे, कडेला जास्त गडद. कानाजवळ एका ठिकाणी साल निघून गुलाबी झालं होतं. डाव्या गालावर त्या मानानं फारच थोडं.

"हे काय आहे, ऋचा?"

तिनं आधी हात गालावर नेला, मग खाली घेतला. "पर्जिंग आहे. आत साठलेलं जुनं ऊन बाहेर पडतंय. सुरुवातीला सगळ्यांना होतं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"आत्या, सकाळी सकाळी प्लीज."

"काय घातलंयस त्या क्रीममध्ये?"

"सगळं नॅचरल आहे."

"धोतऱ्याचं बी पण नॅचरलच असतं."

ती दुधाची पिशवी घेऊन आत गेली. मी मागे गेले. मग कळलं ते असं. बसवनगुडीला कमलाअक्का म्हणून एक बाई राहतात. मराठी घर, पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच. मंडळाच्या हळदीकुंकवात ओळख झाली. सत्तरी ओलांडलेल्या या अक्कांच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. ऋचानं विचारलं, लावता काय? त्यांनी सासूबाईंची कृती सांगितली. ऋचानं त्या तेलाचं क्रीम करून घेतलं. पण कृती ती कुणाला सांगणार नव्हती, मलाही नाही, कारण तोच तिचा धंदा होता.

माझ्या नोकरीत ज्यानं ज्यानं 'आमची गुपित कृती' असं म्हटलं, त्याचाच नमुना पहिला नापास झाला. मी डबी उघडून नाकाला लावली. वर गुलाबाचा वास. गुलाबाच्या खाली काहीतरी उग्र, कडवट. तो वास मी आयुष्यात कुठेतरी घेतला होता आणि कुठे ते आठवत नव्हतं, म्हणून मी जास्तच चिडले.

"रविवारी तू हे पोरीबाळींच्या हातात देणार? स्वतःचा गाल आरशात बघून?"

"माझी ऑफिसची शेवटची तारीख ठरलीय, आत्या. निरोपाचा केक कापून झाला. आता मी काय सांगू सगळ्यांना?" तिचे डोळे भरले. "तू ठरवूनच आलीयेस. बाबांनी पाठवलंय तुला."

"बाबा तुझा खुळा आहे. मी माझी आले." मला फार वाईट वाटलं, पण मी मागे हटले नाही. "रविवारच्या आत यात काय आहे ते मला कळलं नाही, तर मी त्या सभागृहात उभी राहून बोलेन."

पीण्या

माझा पहिला संशय क्रीम बनवणाऱ्यावर होता. पीण्या औद्योगिक क्षेत्रात कुणीतरी शिवण्णा म्हणून होते, त्यांच्याकडे ऋचा सामान देई आणि तयार माल आणी. तिला त्या दिवशी उरलेल्या डब्या आणायच्या होत्या. मी म्हटलं, मी येते. तिनं फक्त उसासा सोडला.

शहराच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं म्हणजे आमच्याकडे तालुका ओलांडण्यासारखं. आधी टॅक्सी, मग मेट्रो. मेट्रोत सगळे गप्प बसतात आणि मोबाईलमध्ये बघतात. शेजारणीनं डब्यात काय आणलंय हे विचारायची सोय नाही. पीण्याला उतरलं की हवाच बदलते. गल्लीच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या शेड, आत लोखंड कापल्याचा आवाज, तेलाचा जळका वास, दारात लोखंडाच्या किसाचे ढीग. रस्त्याकडेच्या गाडीवर कामगार कागदावर चित्रान्न खात होते, म्हणजे आपला फोडणीचा भातच, पण वरून लिंबू पिळलेला. मी घेतला. पिवळा रंग हळदीचाच आहे ना, हे बोटानं घासून पाहिलं. हळदीचाच होता.

या सगळ्या लोखंडात तोंडाला लावायचं क्रीम बनतं म्हटल्यावर मी मनात अहवाल लिहायला सुरुवातसुद्धा केली होती. पण शिवण्णांच्या शेडच्या दारात एका मुलीनं मला थांबवलं, चप्पल काढायला लावली, केसांवर जाळीची टोपी दिली आणि हातातल्या बांगड्यासुद्धा उतरवायला लावल्या. आत फरशी चकचकीत. भांडी स्टीलची. पाणी गाळून आलेलं. मी कोपरे पाहिले, झाकणांच्या आतली बाजू पाहिली, नखानं खरवडून पाहिलं. एकही चूक सापडेना. एवढी निराशा मला नोकरीतही क्वचितच झाली असेल.

"मेडम, पावडर उनका, मशीन हमारा," शिवण्णा हात जोडून म्हणाले. "हम स्वल्प भी इधर उधर नहीं करता. वो पावडर लाया, हम तेल में डाला, पकाया, छाना, क्रीम बनाया."

"पावडर में क्या है?"

"वो उनका सीक्रेट." आणि ते ऋचाकडे बघून हसले. ते हसू मला आवडलं नाही, पण हसण्याबद्दल कुणाला नापास करता येत नाही.

कोपऱ्यात ऋचाच्या पावडरींच्या उरलेल्या पिशव्या होत्या, नावं खोडलेल्या. एक पिशवी उघडी होती. आत काळपट भुकटी. मी वाकले आणि तोच वास आला, गुलाबाशिवायचा, नागडा. चिमूटभर उचलून रुमालाच्या टोकाला गाठ मारली.

"आत्या! चोरतेस?"

"नमुना घेतेय."

परतीच्या मेट्रोत ती माझ्याशी बोलली नाही. मी मात्र तिला बरंच काही सांगितलं, कारण मला शांत बसवत नाही. वनस्पतींच्या अर्कात काही नसतं असं मी म्हणत नाही. ज्येष्ठमध, आवळा, हळद, कोरफड, यांत उन्हाच्या माऱ्याला थोडाफार अटकाव करणारी द्रव्यं असतात, हे शास्त्र नाकारत नाही. पण झाड म्हणजे मऊ मनाची मावशी नव्हे. झाडाला किडा खातो, गुरं खातात, म्हणून ते स्वतःच्या बचावासाठी अंगात तिखट, कडू, जहाल असं बरंच काही साठवतं. त्यातलं आपल्या गालाला काय चालेल हे झाडाला ठाऊक नसतं. ते आपण तपासायचं असतं. आणि पिशव्यांवरची नावं खोडली की तपासणार कोण?

"भुकटी कुठून घेतलीस?"

"पेठेत जडीबुटीचं दुकान आहे. मी स्वतः जाऊन, नाव सांगून घेतली." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एवढा संशय आहे तर अक्कांनाच विचार. पत्ता देते. पण भांडू नकोस."

बसवनगुडी

बसवनगुडी जुनी आहे आणि तिथे झाडं अजून माणसांपेक्षा उंच आहेत. सकाळी रिक्षातून उतरले तेव्हा फुलवाल्या बाया रस्त्याकडेला हातानं मोजून गजरे विकत होत्या. आपल्याकडे गजरा नगावर मिळतो, इथे तो कोपरापर्यंत मापून कापून देतात. मी एक हात घेतला आणि शेजारच्या फुलवालीच्या हाताशी ताडून पाहिला. विकणारीचा हात आखूड होता. बोलले नाही, भाषा येत नव्हती.

कमलाअक्कांबद्दल माझं मत तयार होतं. तुकतुकीत चेहऱ्याची, गोडबोली, कृतीतला एक जिन्नस मुद्दाम चुकवून सांगणारी बाई. आमच्या नात्यात अशी एक होऊन गेली, तिच्यासारखं लोणचं शेवटपर्यंत कुणाला जमलं नाही. दार उघडलं ते ठेंगण्या, उन्हानं कधी न रापलेल्या, खरंच नितळ चेहऱ्याच्या बाईनं.

"या की आत. ऋचाची आत्या ना तुम्ही? चप्पल असू दे तिथंच. स्वल्प दम खावा, कापी करतें."

त्यांचं मराठी मला कळत होतं आणि तरी सारखं अडखळायला होत होतं. कॉफीला कापी, थोडंला स्वल्प, बरंला सरी. अक्कांचे पूर्वज कधीच्या काळी इकडे आले आणि त्यांची भाषा घरातल्या घरात वाढत राहिली, बाहेरचं जे लागेल ते उचलत. त्यांच्या लेखी ते सगळं मराठीच.

कॉफीआधी त्यांनी माठातलं पाणी दिलं. पाण्याला वास होता. मी पेला तोंडापासून दूर धरला.

"यात काय घातलंय?"

"लावंच घातलंय की."

"लावंच म्हणजे?"

"अय्यो, लावंच म्हणजे लावंच!" त्यांनी माठाचं झाकण उचललं आणि दोऱ्यानं बांधलेली मुळांची जुडी वर काढून दाखवली. पाणी ठिबकत होतं आणि तो गार, मातकट सुवास खोलीभर झाला.

"हा तर वाळा!" मी म्हटलं.

"वाळा?" अक्का हसायला लागल्या. "वाळा तो बाळाच्या पायातला की हो! माठात कशाला टाकायचा?"

मीही हसले, पाणी प्याले आणि मग सरळ मुद्द्यावर आले. ऋचाला कोणती कृती दिलीत, खरी सांगा. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. त्या जराही चाचरल्या नाहीत.

"गुपित कसलं त्यात? सासूबाई अख्ख्या गल्लीला वाटत होत्या. तिळाचं तेल. त्यात मंजिष्ठा, ज्येष्ठमध, आंबेहळद. लोळेसर, म्हणजे तुमची ती कोरफड. आणि लावंच. लावंच सगळ्यात जास्त. थंडावा त्याचाच, वास त्याचाच. आणि मी काय म्हटलं होतं तिला, हे लावून उन्हात हिंडू नको, छत्री घे. मी जन्मभर छत्री घेतली. चेहरा छत्रीनं राखलाय हो, तेलानं काय राखतंय!"

मी पर्समधून रुमाल काढला, गाठ सोडली आणि काळपट भुकटी त्यांच्यासमोर धरली. अक्कांनी नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं.

"हे लावंच नव्हे."

नव्हतंच. वाळ्याची भुकटी फिकी, तंतूतंतूंची. माठातल्या त्या सुवासाशेजारी हा कडवट वास ठेवल्यावर तो एकदम ओळखीचा झाला. लहानपणी आमच्या शेजारच्या घरात एक मुलगी होती, तिच्या मनगटावर कोडाचा पांढरा डाग होता. वैद्य त्यावर एक लेप लावायचे आणि तिला अंगणात उन्हात बसवायचे, कारण ऊन लागल्याशिवाय तो लेप काम करत नसे. एकदा ती जास्त वेळ बसली आणि मनगट भाजल्यासारखं फोडांनी भरलं, मग काळं पडलं. तो लेप असायचा तेव्हा सगळ्या ओसरीवर हा वास असायचा.

बावची.

बावची उन्हाला अडवत नाही. ती कातडीत ऊन बोलावून घेते, तेच तिचं औषध आहे. ऋचा ते तोंडभर लावून रोज ऑफिसात खिडकीशी बसत होती, काच उजव्या हाताला; ती जागा तिनं मला कौतुकानं कॉलवर दाखवली होती.

मी तिथूनच फोन लावला. "ऋचा, अक्कांनी सगळ्यात जास्त काय घालायला सांगितलं होतं? नाव सांग. आता गुपित पुरे."

तिकडे तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बावची."

"अक्का कुठला शब्द बोलल्या होत्या?"

"बावंच. त्या तसंच बोलतात गं, कानडी हेल असतो त्यांचा. मी बावची समजले. दुकानदार पण लगेच म्हणाला, बावंची, है. आणि नेटवर बघितलं तर सुरकुत्यांवर सगळीकडे तिचंच नाव. म्हटलं, अक्कांच्या सासूबाईंना तेव्हाच माहीत होतं!"

अक्कांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "मी लावंच म्हटलं गं, लावंच! आणि तू सरी म्हणालीस!"

"अक्का, पण तुम्ही मराठीत बोलत होतात ना!"

"मराठीतच तर सांगितलं की! लावंच!"

ऋचाच्या लेखी समोरची बाई मराठी, आपणही मराठी, मग अर्थ विचारायचा कसला? कानडी बाईकडून कृती घेतली असती तर ऋचानं प्रत्येक शब्द चारदा विचारला असता. मी दोन दिवस चोर शोधत होते. शिवण्णा, दुकानदार, अक्का, सगळ्यांच्या तोंडावर मी आरोप चिकटवून पाहिला होता आणि कुणीही खोटं बोललं नव्हतं. अक्का फोन ठेवून खुर्चीत बसल्या. "लेकराचं तोंड जळलं काय हो?" एवढंच त्या विचारत राहिल्या. कॉफी तशीच राहिली.

दुपारी मी ऋचाला घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डबी पाहिली, भुकटीचं नाव ऐकलं आणि कपाळावर आठ्या घातल्या. कंपन्या बावचीतला एक वेगळा काढलेला अंश वापरतात ते निराळं, अख्खं बी कुटून तेलात उकळणं निराळं, असं त्यांनी समजावलं. डाग जातील, पण सावकाश. ऊन टाळायचं. ऋचानं ते सगळं लिहून घेतलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "म्हणजे माझं तोंड मीच भाजलं. आणि वर त्याला पर्जिंग म्हणत होते." आणि ओढणीत तोंड खुपसून रडली. मी तिला जवळ घेतलं.

घरी आल्यावर तिनं डब्यांकडे पाहिलं आणि मोबाईल हातात घेतला. "मंडळाला मेसेज करते. तांत्रिक कारणामुळे वाटप रद्द."

"आधी कुणाला दिल्यास का यातल्या?"

"ट्रायलला तिघीचौघींना. सगळ्यांनी 'मस्त आहे' म्हणून कळवलंय."

"त्यांनी लावली होती का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मेसेज अर्धवट टाइप केलेला होता. तो तिनं पुसला.

मंडळाचं सभागृह

रविवारी ती तोंड धुवून, काहीही न लावता निघाली. फक्त छत्री घेतली.

सभागृहात मराठी आवाज भरून राहिला होता. पुण्याच्या, मुंबईच्या, नागपूरच्या मुली निम्मं इंग्रजीत बोलत होत्या, जुन्या घरच्या बायका अक्का अक्का करत होत्या. खाण्याला साबुदाण्याची खिचडी आणि तिच्या शेजारी इथला मद्दूर वडा, असं लग्न फक्त याच गावात लागू शकतं. ऋचाकडे बघून बायका आधी हसत आणि मग हसणं अर्धवट सोडत. मी शेवटच्या रांगेत बसले आणि एकेकीचा चेहरा निरखत राहिले.

ऋचाचं नाव पुकारलं गेलं. ती माईकपुढे गेली.

"आज डब्या मिळणार नाहीत," ती म्हणाली. "माझा हा गाल बघा. हे माझ्याच क्रीमनं झालंय. मी एका शब्दाचा चुकीचा अर्थ घेतला आणि भलतीच वनस्पती घातली. ती लावून उन्हात गेलं की कातडी भाजते. ज्यांना मी आधी दिली असेल त्यांनी कृपा करून आजच फेकून द्या, आणि काही झालं असेल तर मला सांगा. डॉक्टरांकडे मी घेऊन जाईन."

कुजबुज झाली. कुणीतरी हळूच विचारलं, मग आम्हाला भेटवस्तू काय? मला उठून त्या बाईला दोन शब्द ऐकवावेसे वाटले. कमलाअक्का पुढच्याच रांगेत होत्या, त्या डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या.

मग मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. नागपूरच्या, सुलभाताई, ऋचाच्याच इमारतीत राहणाऱ्या. जिन्यात मला दोनदा भेटल्या होत्या, दोन्ही वेळा गळ्याला स्कार्फ. मला वाटलं होतं, थंडी सोसत नसेल. त्यांनी स्कार्फ सोडला. हनुवटीखालून गळ्यापर्यंत तसाच तपकिरी, कडा गडद असलेला डाग पसरला होता.

"मले वाटलं माझीच स्किन खराब आहे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तू विचारलंस कसं आहे, मी मस्त म्हणून टाकलं. आपल्या घरची पोरगी काही करून राहिली, तिला कशाला नाव ठेवायचं? रोज लावत गेली मी."

ऋचा मंचावरून खाली उतरली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोघींचे डाग एकमेकींसमोर होते.

सुलभाताईंनी तिचा हात धरला. "पण बेटा, काय होतं गं त्यात?"

हा प्रश्न मी तिला आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून विचारत होते. तिचं उत्तर मला पाठ होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"बावची, काकू. ती उन्हात काय करते ते मलाच माहीत नव्हतं," ऋचा म्हणाली. "आणि तुम्ही तेव्हा विचारलंही असतं, तरी मी नॅचरल आहे म्हणून सांगितलं असतं."